मेंदूची चाळण करणारे प्रथिन

संसर्ग म्हटला की जिवाणू किंवा विषाणू डोळ्यांसमोर येतात. या समजुतीला तडा देणारी कहाणी पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात सुरू झाली. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथील फोरे जमातीत ‘कुरू’ या व्याधीने थैमान घातले होते. प्रथम तोल जाई, मग अंगाला कंप सुटे, अखेर गिळणेही अशक्य होऊन साधारण वर्षभरात रुग्ण दगावे. बळी प्रामुख्याने स्त्रिया आणि मुलांचे जात.

१९५७ मध्ये व्हिन्सेंट झिगास आणि कार्लटन गायडुशेक यांनी या व्याधीचा अभ्यास आरंभला. रुग्णांना ताप नसे. मेंदूची मात्र स्पंजासारखी चाळण झालेली असे. दिवंगत आप्तांचे शरीर भक्षण करून त्यांना निरोप देण्याची या जमातीत प्रथा होती आणि मेंदू बहुधा स्त्रिया व मुलांच्या वाट्याला येई. रोग पसरण्याचा मार्ग हाच होता. रुग्णाच्या मेंदूचा अंश टोचलेल्या चिंपांझींनाही हा आजार जडल्याचे १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले.

पण रोगकारक कोण? मेंढ्यांच्या ‘स्क्रेपी’ या तशाच आजारावर संशोधन करणाऱ्या स्टॅनले प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये उत्तर दिले : केवळ एक प्रथिन. त्याला त्यांनी ‘प्रायॉन’ असे नाव दिले. जनुकांवाचून संसर्ग होतो, ही कल्पना अनेकांना पटली नाही. तथापि १९९७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे प्रथिन मुळात परके नव्हे. ते आपल्या चेतापेशींवर असतेच. मात्र त्याची घडी चुकली, की ते शेजारच्या निरोगी प्रथिनालाही आपल्यासारखेच वाकवते. अशी प्रथिने साचत जातात व पेशी मरतात. प्रथिन शरीराचेच असल्याने प्रतिकारशक्ती गाफील राहते. उकळते पाणी किंवा फॉर्मॅलिनही त्याचा पुरता नाश करू शकत नाही.

ब्रिटनमध्ये १९८६ साली गायींत आढळलेल्या ‘मॅड काऊ’ रोगामागेही प्रायॉनच होते. गुरांच्या खाद्यात मिसळलेल्या मांस-हाडांच्या भुकटीतून तो फैलावला. तो माणसांत आल्याची शक्यता १९९६ मध्ये सरकारने मान्य केली. त्या मानवी आजाराने तेथे पावणेदोनशेहून अधिक बळी घेतले.

प्रायॉनजन्य आजार बरा करणारे औषध आजही नाही. फोरे जमातीतील प्रथा १९६०च्या सुमारास थांबली, नव्या पिढीची सुटका झाली. पण आधीच संसर्ग झालेले काही जण पन्नास वर्षांनीही कुरूला बळी पडले. कुरू मागे हटला तो औषधाने नव्हे, संसर्गाची साखळी तुटल्याने.