पॉपचा बादशहा : मायकल जॅक्सन

जन्म : 29 ऑगस्ट 1958, गॅरी, इंडियाना (अमेरिका). वडील पोलाद कारखान्यात कामगार.

सुरुवात : भावांसोबत ‘जॅक्सन 5’. मोटाउन कंपनीसाठी केलेली त्यांची पहिली चारही गाणी अमेरिकेत अव्वल ठरली; तेव्हा मायकल जेमतेम अकरा-बारा वर्षांचा.

शिखर : ‘थ्रिलर’ (1982). निर्माता क्विन्सी जोन्स. अमेरिकेच्या यादीत 37 आठवडे पहिला क्रमांक आणि 1984मध्ये मायकलला एकाच रात्री 8 ग्रॅमी. कृष्णवर्णीय कलाकारांना फारशी जागा न देणाऱ्या एमटीव्हीचे दार ‘बिली जीन’ने उघडले.

मूनवॉक : मोटाउनच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात, 1983मध्ये. हे पाऊल आधीच्या नर्तकांचे; घरोघरी पोहोचवले मायकलने.

बुटांचे पेटंट : सरळ शरीराने पुढे झुकण्यासाठी रंगमंचावरच्या खुंटीत टाच अडकवणारे खास बूट. सहकाऱ्यांसह 1993मध्ये पेटंट.

मुंबईत : 1 नोव्हेंबर 1996, अंधेरी क्रीडा संकुल. शिवसेनेशी संलग्न शिव उद्योग सेनेच्या मदतीसाठी कार्यक्रम; ‘मातोश्री’वर बाळासाहेब ठाकरे यांची भेट. करमणूक कर माफ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. अखेर 2021मध्ये राज्य मंत्रिमंडळाने माफीवर पुन्हा शिक्कामोर्तब केले.

वाद : बाललैंगिक शोषणाच्या खटल्यात 2005मध्ये सर्व आरोपांतून निर्दोष. 2019च्या ‘लीव्हिंग नेव्हरलँड’ माहितीपटाने आरोप पुन्हा चर्चेत.

मृत्यू : 25 जून 2009, लॉस एंजेलिस. कारण प्रोपोफोल या भूल देण्याच्या औषधाची अतिमात्रा. खासगी डॉक्टर 2011मध्ये सदोष मनुष्यवधासाठी दोषी.

वारसा : गाण्याच्या व्हिडिओला कथानक, वेशभूषा आणि समूहनृत्य असलेल्या लघुपटाचे रूप दिले.