पऱ्हाटीला जोडीदार हवा!

कापसाची शेवटची वेचणी झाली, की पैठण, गंगापूर, सिल्लोड... कुठल्याही रस्त्याने संध्याकाळी बाईकवर निघा. बांधावर कुठे ना कुठे धूर दिसणारच. पऱ्हाटी उपटायची, ढीग घालायचा, काडी लावायची आणि रान मोकळं करायचं. पूर्वी हीच पऱ्हाटी चुलीला लागायची. घरोघरी गॅस आला आणि तिचं काम संपलं. मग जूनमध्ये त्याच रानासाठी खताच्या दुकानासमोर रांग!

गंमत म्हणजे या पऱ्हाटीचं काय करायचं, हे कोडं जवळपास 100 वर्षांपूर्वीच सुटलंय. तेही आपल्यासारख्याच काळ्या, कापसाच्या जमिनीत. 1924 ते 1931 या काळात इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातल्या टाकाऊ मालावर काम केलं. 1931 मध्ये दोघांच्या नावाने त्याचं पुस्तक निघालं. ही 'इंदूर पद्धत' पुढे जगभर गेली. हॉवर्ड यांचं नाव सगळीकडे घेतलं जातं, वाड यांचं मात्र क्वचितच.

त्यांची युक्ती एकदम देशी होती. पऱ्हाटी आणि तुराट्या शेतातल्या रस्त्यावर पसरायच्या. येता-जाता बैलगाड्यांची चाकं त्या चेचणार. हा चुरा मग गोठ्यात जनावरांखाली अंथरायचा. तो मुतात भिजला, की शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि थोडी राख घालून खड्ड्यात थर लावायचे. पाणी मारायचं, तीन वेळा उलथापालथ करायची. साधारण 90 दिवसांत खत तयार!

आता मुतात भिजवायचंच कशाला? खत करतात ते जिवाणू, आणि त्यांना कर्ब व नत्र दोन्ही लागतं. साधारण 30 भाग कर्बाला 1 भाग नत्र, असा त्यांचा हिशोब. पऱ्हाटी, गव्हाचं काड, मक्याची धाटं यांत कर्ब भरपूर, नत्र फारच कमी. म्हणून नुसत्या पऱ्हाटीचा ढीग वर्षभर तसाच पडून राहतो. तीच कच्ची जमिनीत गाडली, तर जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढून घेतात आणि वरचं पीक पिवळं पडतं. याउलट नुसतं कोंबडीखत साठवलं, तर नत्र अमोनिया होऊन उडून जातं. तो नाकात जाणारा वास म्हणजे हवेत चाललेले पैसेच! दोघांची जोडी लावली, की काम होतं.

जोडीदार शोधायला लांब जायला नको. शेण, गोमूत्र, लेंड्या, कोंबडीखत, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, यातलं जे गावात असेल ते चालतं. 'पण आता जनावरंच राहिली नाहीत ना!' हा आक्षेप खरा आहे. त्यावर यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी उत्तर काढलं. नाडेप खत म्हणतात ते त्यांच्याच नावावरून. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच असं भोकं ठेवलेलं विटांचं टाकं. त्यात 1,400 ते 1,500 किलो काडीकचऱ्याला शेण लागतं फक्त 90 ते 100 किलो, आणि भरपूर माती. वेळ थोडा जास्त, पण मधे उलथायची कटकट नाही.

मग लोक करत का नाहीत? आळस म्हणणं सोपं आहे, पण खरी अडचण चेचण्याची आहे. बैलगाड्या गेल्या. मजुरीने पऱ्हाटी तोडून बारीक करणं कुणालाच परवडत नाही. इथे ट्रॅक्टरवर चालणारं श्रेडर कामाला येतं. एकट्याने घ्यायला महाग, पण चार-पाच पोरांनी मिळून घेऊन गावात भाड्याने फिरवलं तर? पेरणीच्या आणि मळणीच्या यंत्रांचा असा धंदा गावोगावी चालतोच की. यात आणखी एक फायदा आहे. उरलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते. पऱ्हाटी बांधावर रचून ठेवली, की पुढच्या हंगामाला ती हजर! ताबडतोब चुरा केला, तर तिचा मुक्काम मोडतो.

दुसरी अडचण पाण्याची. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे प्यायला टँकर येतो, तिथे ढिगावर कोण पाणी मारणार? विहिरीला पाणी असेल, तर फेब्रुवारीअखेर ढीग लावा. मृगाच्या आत खत हाताशी येईल. नसेल, तर चुरा कोरडाच झाकून ठेवा आणि पहिल्या पावसानंतर जमिनीवरच थर लावा. ते खत रब्बीला वापरता येतं.

ओल किती हवी? मूठभर माल घट्ट पिळा. बोटं ओली व्हावीत, धार लागू नये. आठवड्याभरात ढिगात लोखंडी सळई खुपसा आणि 10 मिनिटांनी काढून हात लावा. चटका बसला, तर जोडी जमली. गारच लागली, तर ओल बघा. ओल ठीक असेल, तर शेणाच्या पाण्याच्या दोन बादल्या आणखी ओता.