पहिला गेमिंग कॉम्प्युटर: पैसा कुठे घालावा?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पहिला गेमिंग कॉम्प्युटर जुळवायला गेलेलं पोर आधी रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटवर भाळतं. पण गेम पळतो तो ग्राफिक्स कार्डाच्या जिवावर. साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील, तर कार्डाला दर सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी ठिपके रंगवावे लागतात. म्हणून बजेटचा सर्वांत मोठा वाटा त्यालाच द्या. प्रोसेसर मधल्या फळीतला, सहा कोअरचा असला तरी भागतं.

रॅम घेताना १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ८-८ जीबीच्या दोन घ्या. एकपदरी रस्ता दुपदरी झाल्यासारखी माहितीची ये-जा वाढते. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घेतली, की गेम उघडायला ताटकळावं लागत नाही.

काटकसर पॉवर सप्लायवर मात्र नको. हलक्या दर्जाचा सप्लाय बिघडताना सोबत इतर भागही नेऊ शकतो. आणि शेवटी मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, ग्राफिक्स कार्डालाच लावा. नाहीतर महागडं कार्ड नुसतं बसून राहील. रंगीत दिवे काय, पुढच्या दिवाळीलाही लावता येतील!