पाचशे प्रतींची भीती

फोटोंचं पुस्तक काढायचा विषय निघाला की रायपुरातल्या मराठी घरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो: कमीत कमी किती प्रती काढाव्या लागतील? उत्तरही बहुधा विचारणाराच देतो, पाचशे. मग पाचशे प्रतींचा खर्च, त्या ठेवायच्या कुठे, उरल्या तर दिवाणात वाळवी लागेल, अशी चर्चा होते आणि अल्बम परत कपाटात जातो.

ही भीती पूर्वी अगदीच पोकळ नव्हती. १९०० च्या जानेवारीत माधवराव सप्र्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केलं. सोबतीला रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे, म्हणजे तिघंही मराठी. सुरुवातीचे अंक रायपूरच्या कय्यूमी प्रेसमध्ये छापले गेले, पुढचे नागपुरात. तीन वर्षं तोटा सोसून १९०२ च्या अखेरीस मासिक थांबलं. त्या काळी छपाई म्हणजे खिळे जुळवायचे, फर्मा बांधायचा, यंत्रावर चढवायचा. एवढ्या खटपटीनंतर दहा प्रती काढून थांबणं कुणाला परवडणार? ऑफसेट आलं, खिळे गेले, पण हिशेब तोच राहिला. रंगीत छपाईला चार रंगांच्या चार प्लेटा लागतात, रंग जुळेपर्यंत कागद वाया जातो, आणि हा सगळा खर्च पहिली चांगली प्रत निघण्याआधीच होऊन बसतो. तो वाटला जावा म्हणून पाचशे.

डिजिटल यंत्राला प्लेट नसते. १९९३ साली बेनी लांडा या उद्योजकाच्या इंडिगो कंपनीनं प्लेटेशिवाय रंगीत छापणारं यंत्र बाजारात आणलं. संगणकातलं पान थेट कागदावर उतरत असल्यामुळे पहिली प्रत आणि शंभरावी प्रत साधारण एकाच खर्चात पडते. ‘प्रिंट ऑन डिमांड’ म्हणतात ते यावरच उभं आहे. अमेरिकेतली, २००५ मध्ये स्थापन झालेली ब्लर्ब फोटोबुकांसाठीच प्रसिद्ध आहे. आपल्याकडे बंगळुरूच्या पोथी डॉट कॉमनं २००८ मध्ये मागणीनुसार पुस्तकं छापून द्यायला सुरुवात केली. मागणी एका प्रतीची असेल तर एकच छापतात. पाचशेचा प्रश्न तिथेच निकालात निघतो.

लगेच दुसरा गैरसमज तयार होतो: मग हे स्वस्त असणार! नाही. प्रतीमागे पाहिलं तर हे महागच असतं. आकडे समजण्यापुरते धरू. ऑफसेटला सुरुवातीचा खर्च साठ हजार आणि पुढे प्रत्येक प्रतीला दीडशे रुपये. डिजिटलला सुरुवातीचा खर्च शून्य, पण प्रत नऊशेची. दोन्ही हिशेब ऐंशी प्रतींना समान होतात. त्याच्या आत डिजिटल, त्याच्या वर ऑफसेट. प्रत्यक्षातले आकडे कागद, आकार आणि पानांप्रमाणे बदलतील, पण गणिताची रीत हीच. दोन्हीकडून लेखी दर मागवा आणि कागदावर मांडा. परदेशी सेवेकडून मागवणार असाल तर पार्सलचा खर्च आणि सीमाशुल्क धरायला विसरू नका. कधीकधी पुस्तकापेक्षा ते आणण्याचाच खर्च जड होतो.

“लग्नाचा करिज्मा आहे ना, तेच फोटोबुक,” असंही ऐकू येतं. दोन्ही डिजिटल फायलीतून निघतात, एवढंच साम्य. करिज्मा अल्बममध्ये जाड पानं पाठीला पाठ चिकटवलेली असतात, जोडपान उघडलं की बारा बाय छत्तीस इंच सपाट पसरतं, आणि अल्बम दोन हातांनी उचलावा लागतो. तो दिवाणखान्यात पाहुण्यांसमोर उघडायचा. फोटोबुक पातळ कागदाचं, दोन्ही बाजूंनी छापलेलं. त्यात मजकूर मावतो, ते टपालानं पाठवता येतं, मांडीवर घेऊन वाचता येतं. आजोबा नागपूरहून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे कसे आले, तात्यापाऱ्यातलं भाड्याचं घर कधी सुटलं, हे सांगायचं असेल तर करिज्मा कामाचा नाही. आणि नुसता नवरा-नवरीचा थाट दाखवायचा असेल तर फोटोबुकाचा हट्ट कशाला?

फोटोबुकाच्या बांधणीत एक गोष्ट मात्र आधी विचारून घ्यावी. नेहमीच्या परफेक्ट बाइंडिंगमध्ये पानांचा कणा गोंदानं चिकटवतात, त्यामुळे जोडपानाचा मधला भाग घडीत जातो. चाळीस जणांचा ग्रुप फोटो दोन पानांवर पसरवला तर नेमके मधले दोघं-तिघं गिळले जातात, आणि नातेवाइकांत ते कोण होते याची आठवण वर्षानुवर्षं काढली जाते. असा फोटो एका पानावर घ्या, नाहीतर पानं सपाट उघडणारी लेफ्लॅट बांधणी मागा. पानाच्या कडेपर्यंत जाणारा फोटो कटिंगमध्ये साधारण तीन मिलिमीटर छाटला जातो, म्हणून तेवढा जास्तीचा भाग बाहेर ठेवावा लागतो. कडेला उभ्या असलेल्या मामांचा कान त्या तीन मिलिमीटरांत येऊ देऊ नका.

आता सगळ्यात चिवट गैरसमज: “फोटो तीनशे डीपीआयचा हवा.” डीटीपीवाला हे सांगतो, आपण फाईल उघडून तिथला आकडा ७२ चा ३०० करतो आणि काम झालं असं समजतो. तो आकडा बदलून फोटोत एक कणही वाढत नाही. मोजायचे असतात ते पिक्सेल. बारा बाय आठ इंचांच्या पानावर इंचाला तीनशे पिक्सेल हवे असतील तर लांबीला ३६०० आणि रुंदीला २४०० लागतात, म्हणजे साधारण ८६ लाख. आजचा कुठलाही बरा मोबाइल एवढं सहज देतो. अडचण मोबाइलची नाही, तो फोटो ज्या वाटेनं येतो तिची आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण सोळाशे पिक्सेलांवर येतो. सोळाशेला तीनशेनं भागा: सव्वापाच इंच. अर्ध्या पानाला तो चालेल, पूर्ण पानाला पसरवला की चेहऱ्याच्या कडा विस्कटतील. दोनशेच्या हिशेबानं आठ इंच मिळतात आणि हातात धरून बघायच्या पुस्तकाला बऱ्याचदा दोनशेही पुरतात. तीनशे हा देवाचा शब्द नव्हे. पण भाचीला सांगा, फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव किंवा ड्राइव्हवर टाक. ‘फॅमिली ग्रुपवर आहेत की सगळे’ या वाक्यावर पुस्तक उभं करू नका.

जुन्या छापील फोटोंना हाच हिशेब उलटा लावायचा. चार बाय सहा इंचांची प्रत सहाशेनं स्कॅन केली की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. ती दुप्पट आकारात निर्धास्त छापता येते. मोबाइलनं काचेवरूनच फोटोचा फोटो काढला तर वरच्या ट्यूबलाइटची रेघ आजीच्या कपाळावर येते. आणि ते चेहरे ‘साफ’ करून देणारं अ‍ॅप? माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. ते धूसर चेहरा साफ करत नाही, अंदाजानं नवा काढतं. डोळे टपोरे होतात, नाक सरळ होतं, आणि आजीच्या जागी कुणी भलतीच बाई बसते. धूसर तर धूसर, निदान आजी आहे.

रंगांची तक्रारही नेहमीची: “स्क्रीनवर छान होतं, छापून काळं आलं.” छापणाऱ्याची चूक कधी असतेही, पण बहुतेक वेळा कारण साधं असतं. पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद समोरचा उजेड परत करतो. ब्राइटनेस पूर्ण ठेवून फोटो सुधारले की ते कागदावर गडद उतरणारच. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणून काम करा. मोरपंखी, पोपटी, झगझगीत जांभळा हे रंग छपाईच्या चार शाईंत पूर्ण उतरत नाहीत. पैठणीचा काठ थोडा मंदावेल हे गृहीत धरा. आणि सेवेनं सांगितल्याशिवाय स्वतः फायली सीएमवायकेत, म्हणजे या चार शाईंच्या रंगपद्धतीत, बदलू नका. अनेक सेवा पडद्याची एसआरजीबी पद्धतच मागतात आणि पुढचं रूपांतर त्यांच्या यंत्राप्रमाणे करतात. सगळ्या प्रतींची मागणी देण्याआधी एकच प्रत मागवून दिवसाच्या उजेडात बघावी. एक प्रत छापता येणं हाच तर या पद्धतीचा खरा लाभ, आणि नेमका तोच लोक वापरत नाहीत.

मजकूर मराठी असेल तर आणखी एक सापळा आहे. रायपुरातले डीटीपीवाले कामाला तयार असतात, पण त्यांचा हात हिंदीवर बसलेला. ‘आचाऱ्यांसोबत’ असं लिहून दिलं तर ‘आचार्यांसोबत’ होऊन येतं, आणि लग्नातले स्वयंपाकी एका ओळीत शंकराचार्यांच्या पंक्तीला जाऊन बसतात. जुन्या कृतिदेवसारख्या फाँटांतून युनिकोडमध्ये मजकूर नेताना जोडाक्षरं फुटतात ते वेगळंच. फोटोबुकाच्या काही तयार अ‍ॅपमध्ये देवनागरीच्या वेलांट्या जागा सोडतात, ‘क्ष’ तुटून त्याचे दोन तुकडे होतात. म्हणून पडद्यावरचं पान बघून होकार देऊ नका. अंतिम पीडीएफ उघडा आणि नावं मोठ्यानं वाचा, तीही मराठी येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

कायद्याच्या बाबतीत तर ऐकीव गोष्टींचा बाजारच आहे. “फोटो ज्यानं काढला त्याचा हक्क, स्टुडिओची परवानगी लागेल” हे अर्धंच खरं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा. म्हणजे पैसे देऊन काढलेल्या लग्नाच्या फोटोंचे मालक साधारणपणे तुम्हीच. फोटोग्राफरच्या पावतीवर किंवा करारावर बारीक अक्षरात वेगळं काही लिहिलंय का तेवढं बघा. याउलट मंडळाच्या गणपतीत एखाद्या हौशी सभासदानं पैसे न घेता काढलेला फोटो त्याचाच, मग तो मंडळाच्या कपाटात कितीही वर्षं पडलेला असो. आणि ‘जुना फोटो म्हणजे सगळ्यांचा’ हेही चूक. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचा हक्क फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो; आधी ही मुदत प्रसिद्धीपासून मोजत. गूगलवर सापडलेला फोटो तर मुळीच फुकटचा नव्हे.

आयएसबीएनविषयी दोन समज एकमेकांना धरून चालतात: तो सक्तीचा आहे आणि तो मिळाला की हक्क सुरक्षित झाले. दोन्ही खोटे. हा तेरा आकडी क्रमांक पुस्तक ओळखण्यासाठी आणि दुकानदारीसाठी असतो. हक्क तर कृती निर्माण होताच मिळतो, नोंदणीही ऐच्छिक. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था विनामूल्य देते. त्यामुळे ‘आमच्या पॅकेजमध्ये आयएसबीएनसह’ असं कुणी मोठ्या अक्षरात लिहिलं की नक्की पैसे कशाचे, हे विचारावं. शिवाय क्रमांक त्यांनी स्वतःच्या नावावर घेतला तर नोंदीत प्रकाशक ते होतात, तुम्ही नाही. घरातल्या पाच जणांसाठी छापलेल्या आठवणींच्या पुस्तकाला या क्रमांकाची गरजच नसते.

खरी जबाबदारी आहे ती दुसरीकडे, आणि तिची वाच्यता कुणी करत नाही. पुस्तक लोकांसाठी प्रसिद्ध केलं की तुम्ही प्रकाशक, मग प्रती कितीही कमी असोत. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकानं तीस दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवायची असते. दंड पन्नास रुपयांपर्यंत, म्हणून कुणी मनावर घेत नाही. मी मनावर घ्यावं असं म्हणतो, कारण दंडापेक्षा त्या नोंदीचं मोल मोठं. रायपूरच्या मराठी माणसांची चित्रं कोलकात्याच्या फडताळात सुरक्षित राहत असतील तर चार प्रतींचा खर्च फार नाही.

“स्वतः छापलेलं म्हणजे कमअस्सल” हा शिक्का फार जुना आहे आणि फोटोंच्या पुस्तकांना तर तो शोभतच नाही. फोटोंचं पहिलं पुस्तक मानलं जातं ते इंग्लंडच्या अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांचं. १८४३ पासून दहा वर्षं त्यांनी समुद्रशैवालाचे निळे ठसे स्वतः उठवले, मजकूरही हातानं लिहिलेला आणि त्याच पद्धतीनं उमटवलेला, आणि मोजक्या प्रती ओळखीच्यांना, संस्थांना वाटल्या. प्रकाशक वगैरे कुणी नव्हतंच. १९६३ मध्ये एड रुशे या अमेरिकी चित्रकारानं पेट्रोल पंपांच्या सव्वीस फोटोंचं पुस्तक स्वतः काढलं, चारशे प्रतींचं; आज ते कलेच्या इतिहासात शिकवतात.

उरला विक्रीचा समज. सेवेच्या संकेतस्थळावर पुस्तक चढवलं की देशभरातून मागणी येईल असं वाटतं. तिथं पुस्तक फक्त सापडू शकतं, आणि तेही नाव माहीत असलेल्यालाच. रायपुरात ग्राहक आहेत ते चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला येणारे, १९३५ पासूनच्या त्या संस्थेत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या वावरल्या आहेत असे. नमुन्याची एक प्रत गणेशोत्सवात टेबलावर ठेवा, शेजारी वही ठेवा, नाव आणि आगाऊ रक्कम घ्या. पंचवीस नावं झाली तर बंगळुरूच्या पोथी डॉट कॉमला मागणी पाठवा. दीडशे झाली तर गावातल्याच ऑफसेटवाल्याकडे जा, आणि प्लेटांचे दर घासाघीस करून ठरवा.