गुलाब नावाचे वादळ

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. तरीपण समुद्रातले वादळ इथपर्यंत येते. मला वादळाची बातमी ऐकली की नकाशावर पेन्सिलने ठिपके द्यायचा नाद आहे. गुलाबचे ठिपके मी गुरुजींना तारखा विचारून काढले.

पहिला ठिपका बंगालच्या उपसागरात. समुद्राचे पाणी तापले की वाफ वर जाते, हवेचा दाब कमी होतो आणि चहूकडचा वारा गरगरत आत शिरतो. वेग ताशी 62 किलोमीटरच्या वर गेला की वादळाला नाव मिळते. गुलाब हे नाव पाकिस्तानने सुचवले होते.

26 सप्टेंबर 2021 ला ते आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आले. जमिनीवर समुद्राची वाफ मिळत नाही, म्हणून वारा मंदावला. पण ढग भरलेलेच होते! ते तेलंगणातून आपल्याकडे सरकले. तेव्हा शेतात सोयाबीन काढणीला आले होते. 28 सप्टेंबरला उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्याला पूर आला आणि पुलावरून एस.टी. वाहून गेली. त्यात माणसे दगावली. माझे आबाजी म्हणतात, "वारा थांबला म्हणून पाऊस थोडाच थांबते!"

पुढे माझे ठिपके गुजरातवरून अरबी समुद्रात गेले. तिथे गरम पाणी मिळाले अन् वादळ पुन्हा उठले. या वेळी नाव नवीन, शाहीन. म्हणजे ससाणा. हे नाव कतार देशाचे. 3 ऑक्टोबरला ते ओमानला धडकले. आमच्या भारताच्या नकाशात ओमान मावत नाही, म्हणून बाजूला कागद चिकटवून मी शेवटचा ठिपका दिला.