विज्ञानधोरण आणि पालघर जिल्हा

विज्ञानधोरण म्हणजे संशोधनाला निधी कसा मिळावा, त्याची दिशा कोणी ठरवावी आणि त्याचे लाभ कोणापर्यंत पोहोचावेत यांविषयीची शासनाची भूमिका. भारतात याविषयीचा पहिला ठराव ४ मार्च १९५८ रोजी झाला, तर २०१३च्या धोरणाने नवोन्मेषाला, म्हणजे ज्ञानाचे उपयुक्त वस्तू, सेवा वा पद्धतीत रूपांतर करण्याला, शीर्षकातच स्थान दिले. या धोरणाशी जोडलेली पालघर जिल्ह्यातील उदाहरणे आणि केंद्र व राज्याच्या संबंधित योजना अशा :

• वसई-विरार : महानगरपालिकेची स्थापना ३ जुलै २००९. जुलै २०१८च्या पुरानंतर पालिकेने कारणांच्या अभ्यासासाठी आयआयटी मुंबई आणि नागपूरची पर्यावरण-संशोधन संस्था नीरी यांची सत्यशोधन समिती नेमली.

• डहाणू : शाश्वततेच्या धोरणाचे जिल्ह्यातील सर्वांत ठळक उदाहरण. २० जून १९९१च्या केंद्रीय अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि १९९६मध्ये निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड समुद्राच्या पाण्याने धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्याचा आदेश प्राधिकरणाने १९९९मध्ये दिला. ती २००७मध्ये कार्यान्वित झाली. आदेश आणि अंमलबजावणी यांमधील ही आठ वर्षे विशेष नोंद घेण्याजोगी आहेत, कारण या धुराची झळ बसू शकणाऱ्या चिकूच्या बागा याच परिसरात आहेत.

• समता : २०१९मध्ये सुरू झालेली केंद्राची ‘विज्ञान ज्योती’ योजना नववी ते बारावीच्या मुलींसाठी आहे; विज्ञान-अभियांत्रिकीच्या ज्या शाखांत स्त्रियांचे प्रमाण कमी आहे, त्यांकडे मुलींना वळवणे हा तिचा हेतू.

• राज्य : महाराष्ट्राने २०१८मध्ये नवउद्यम (स्टार्टअप) धोरण आणले.