धबधब्याचे पाणी कुठून येते?

जून संपत आला की शाळाशाळांतून वर्षासहलीचे बेत सुरू होतात. साताऱ्याकडच्या शाळा ठोसेघर, कास, भांबवली या बाजूला वळतात, पुण्याकडच्या लोणावळ्याला, सिंधुदुर्गातल्या आंबोलीला. मुले धबधबा पाहतात, मनसोक्त भिजतात, डबे खाऊन परततात. अशा सहलीत विज्ञानाचा एक चांगला पाठ दडलेला असतो. तो घ्यायचा तर दोन प्रश्न पुरेत. पाणी नेमके इथेच का कोसळते? आणि कोसळणारे हे पाणी येते कुठून? पहिल्या प्रश्नाचे उत्तर भूगोलाच्या तासाला उपयोगी पडेल. दुसऱ्याचे उत्तर प्रसंगी जीव वाचवील.

खडकाचा जिना

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस बाहेर आला आणि दूरवर पसरून थिजला. त्यावर पुन्हा दुसरा थर, मग तिसरा. महाराष्ट्रातील सह्याद्रीचा बहुतेक भाग अशा थरांचा बनलेला आहे. या खडकांना ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात. यातला ‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडिश भाषेतील जिना या अर्थाच्या शब्दावरून आला.

हे सगळे थर सारखे टणक नाहीत. लाव्हाच्या एखाद्या थराचा मधला भाग घट्ट, काळा आणि कठीण असतो. वरच्या भागात मात्र वायूच्या बुडबुड्यांनी भोके पडलेली असतात, त्यामुळे तो लवकर झिजतो. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी लाल मातकट पट्टाही दिसतो, तो तर आणखी ठिसूळ. ओढा वाहू लागला की मऊ थर आधी खचतो आणि कठीण थर वरती छज्जासारखा पुढे आलेला राहतो. पाणी त्या छज्जावरून कोसळते. खाली पोकळी वाढत गेली की एके दिवशी छज्जा तुटून पडतो आणि धबधबा उगमाच्या दिशेने थोडा मागे सरकतो. धबधब्याच्या पायथ्याशी मोठमोठ्या धारदार शिळा का पडलेल्या असतात, हे यावरून कळेल. कड्याच्या अगदी टोकावर का उभे राहू नये, तेही कळेल. पायाखालचा खडक भक्कम दिसला तरी त्याच्याखाली आधार असेलच असे नाही.

सुरक्षित जागेवरून समोरच्या कड्याकडे पाहून मुलांना थर मोजायला सांगावेत. पाणी जिथे टप्पा घेते तिथे थर बदलतो का, हे ती स्वतःच शोधतील.

वरची परात

आता दुसरा प्रश्न. आपण धबधब्याखाली उभे असतो तेव्हा आपल्या अंगावर पडणारा पाऊस वेगळा आणि धबधब्यातले पाणी वेगळे. ते पाणी वरच्या पठारावर पडलेल्या पावसाचे असते. ठोसेघरजवळचे चाळकेवाडीचे पठार किंवा कासचे पठार पाहिले तर जांभ्या खडकाची विस्तीर्ण फरशी दिसते. तिच्यावर मातीचा थर पातळ, कुठे कुठे मुळीच नाही. सुरुवातीचा पाऊस खडकाच्या भोकांत आणि फटींत मुरतो. त्या भरल्या की पुढचे बरेचसे पाणी उताराने ओढ्याकडे धावते. सगळे पठार एका मोठ्या परातीसारखे आणि धबधबा म्हणजे त्या परातीची चोच.

थोडे गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. समजा, पठाराच्या एक चौरस किलोमीटर भागाचे पाणी एका ओढ्यात उतरते आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला. (तासाला १०० मिलिमीटर पडला तर त्याला ढगफुटी म्हणतात. आपण त्याच्या निम्मा धरला.) एकूण पाणी झाले ५ कोटी लिटर. त्यातले निम्मेच तासाभरात ओढ्यात आले असे मानले तरी दर सेकंदाला सुमारे ७,००० लिटर, म्हणजे ७ टन पाणी कड्यावरून कोसळेल. दहा हजार लिटरचा टँकर दीड सेकंदात रिकामा व्हावा, तसे!

हे पाणी लगेच खाली पोहोचत नाही. पठाराचे टोक तीन किलोमीटरवर असेल आणि पाण्याचा वेग सेकंदाला दोन मीटर असेल तर त्याला २५ मिनिटे लागतील. म्हणजे वर जोराची सर पडून गेली, खाली ऊन आहे, मुले ओढ्यात खेळत आहेत, आणि लोंढा वाटेत आहे असे सहज घडू शकते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाढलेल्या प्रवाहात सापडून वाहून गेले. पाणी वाढू लागल्यावर सावध होऊ, हा हिशेब अशा ठिकाणी चुकतो.

गुडघाभर पाण्याची ताकद

‘पाणी गुडघाभरच तर आहे’ हे वाक्य सहलीत हमखास ऐकू येते. मात्र खोलीइतकाच वेगही महत्त्वाचा असतो. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गुडघाभर पाण्यात उभ्या माणसाच्या दोन्ही पायांचे मिळून सुमारे ०.१२ चौरस मीटर क्षेत्र प्रवाहासमोर येते असे धरले, तर सेकंदाला एक मीटर वेगाने पाण्याचा रेटा सुमारे ६ किलो वजनाएवढा भरतो. वेग दोन मीटर झाला की २४ किलो, तीन मीटर झाला की सुमारे ५५ किलो. त्यात पायाखाली शेवाळलेला कातळ असतो, तो पाय धरू देत नाही. सातवीतल्या मुलाचे वजन किती असते, ते आपण जाणतोच.

धबधब्याखालच्या डोहाचा धोका आणखी निराळा. तिथले फेसाळ पाणी हवेच्या बुडबुड्यांनी भरलेले असते. त्याची घनता कमी म्हणून ते शरीराला पुरेसे वर उचलून धरत नाही. पट्टीचा पोहणाराही तिथे बुडू शकतो.

रानवाट काय सांगते?

धबधब्याकडे जाणारी वाट रानातून जात असेल तर एक सोपा प्रयोग करता येईल. दोन्ही तोंडे उघडी असलेला एक पत्र्याचा डबा घ्यावा. झाडाखालच्या पालापाचोळ्याच्या मातीत तो दोन बोटे खोल रोवावा आणि त्यात एक तांब्या पाणी ओतून ते मुरायला लागणारा वेळ मोजावा. मग हाच प्रयोग पायवाटेच्या मधोमध करावा. पायांनी तुडवून घट्ट झालेल्या मातीत पाणी बराच वेळ तुंबून राहील. रानातली माती मुळांनी आणि किड्यामुंग्यांनी पोखरलेली असते, ती पाणी पिते आणि सावकाश सोडते. काही ओढे पाऊस थांबल्यावरही वाहत राहतात, ते याच साठ्यावर. उघड्या पठारावरून येणारा ओढा मात्र लवकर फुगतो आणि लवकर ओसरतो. वाट सोडून प्रत्येकाने नवी पायवाट पाडू नये, असे आम्ही म्हणतो ते यासाठीच. प्रत्येक नवी पायवाट पावसात एक छोटा ओहोळ होते.

निघण्यापूर्वी

सहलीच्या आधी वर्गात भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा उघडावा. समोच्च रेषा पाहून धबधब्याच्या वरचे पाणलोट क्षेत्र मुलांकडून पेन्सिलीने आखून घ्यावे. नकाशावरचे चार चौरस सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक चौरस किलोमीटर. मग वरचे गणित त्याच ओढ्यासाठी करावे. त्या दिवशीचा हवामानाचा अंदाज पाहताना आपल्या गावाचा नव्हे, त्या पठाराचा पाहावा.

धबधब्याजवळ एका शिक्षकाने पाण्याकडे पाठ करू नये, दुसरे काही काम घेऊ नये. पाणी गढूळ होऊ लागले, काटक्या आणि पाने वाहत येऊ लागली, आवाज जड झाला, यांपैकी एक खूण दिसली तरी सर्वांना लगेच काठावर आणि तिथून वर घ्यावे. वरच्या डोंगरावर काळे ढग दिसले तर या खुणांचीही वाट पाहू नये. आणि ओढा ओलांडून पलीकडे जायचेच झाले, तर परतताना तो असाच असेल का, हा प्रश्न मुलांनाच विचारावा. नकाशा आखलेला असेल तर उत्तर तीच देतील.